सैनिकाचा पगार ठरतो कसा? पे स्लिप समोर ठेवून विचारतेय

माणदेशी_सून

नमस्कार. चार-पाच वर्षं इथं नुसती वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ.

आमचे हे इन्फंट्रीत नाईक आहेत. जूनपर्यंत आम्ही तिघं पीस स्टेशनच्या क्वार्टरमध्ये होतो. मग पलटण फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा भागात गेली, क्वार्टर सोडलं आणि मी मुलीला घेऊन माण तालुक्यात सासरी आले. ह्यांचा फोन आठवड्यातून एकदा-दोनदा लागतो. त्या दहा मिनिटांत मुलीचा अभ्यास, सासऱ्यांची शुगर आणि विहिरीची मोटर एवढंच बोलून होतं. ऑक्टोबर २०२५ ची पे स्लिप त्यांनी पाठवली आणि म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तूच बघ."

बघितली. बेसिक ३०,५००. एमएसपी ५,२००. डीए, म्हणजे महागाई भत्ता, २०,७०६. फील्ड एरिया ७,५००. शिवाय एरियर म्हणून ३,२१३. एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या, रकान्यात शून्य.

बँकेत पैसे येतात, घर चालतं, तेव्हा ही तक्रार नव्हे. पण हे आकडे येतात कुठून? ३०,५०० च का? आमच्याकडे एमएसपी म्हटलं की बाजरीचा नाहीतर सोयाबीनचा हमीभाव, मग सैनिकाला ही कसली एमएसपी? आता आठवा वेतन आयोग बसलाय म्हणतात, तिथं ह्यांच्या बाजूनं बोलतं कोण?

मी स्लिप वाचत होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "माझ्या लेकाच्या पगारात आम्हा दोघांचा हिशेब धरलाय का गं?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर मला हवंय.

निवृत्त_हेडक्लर्क

ताई, पलटणीचं नाव आणि जागा लिहिली नाहीत हे चांगलं केलंत. पुढंही लिहू नका. स्लिपचा फोटोही कुणाला पाठवू नका, त्यावर आर्मी नंबर असतो.

मी २६ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी क्लर्क म्हणून, आणि सुभेदार होऊन बाहेर पडलो. तुमची स्लिप मी ओळीनं सांगतो.

सातव्या वेतन आयोगानं ग्रेड पे काढून टाकला आणि एक तक्ता दिला, त्याला पे मॅट्रिक्स म्हणतात. आडवे रकाने हुद्द्याचे, उभ्या पायऱ्या वर्षांच्या. शिपाई लेव्हल ३ मध्ये, सुरुवात २१,७०० ला. नाईक लेव्हल ४, सुरुवात २५,५००. हवालदार लेव्हल ५, २९,२००. नायब सुभेदार ३५,४००, सुभेदार ४४,९००, सुभेदार मेजर ४७,६००. लेफ्टनंट लेव्हल १० ला ५६,१०० वर लागतो आणि लष्करप्रमुख लेव्हल १८ ला, २,५०,००० वर. दरवर्षी एक पायरी खाली उतरायची, म्हणजे साधारण ३ टक्के वाढ. तुमच्या यजमानांचं बेसिक जूनमध्ये २९,६०० असणार. १ जुलैला इन्क्रिमेंट लागून ३०,५०० झालं. म्हणून ३०,५००.

बढतीच्या जागा कमी असतात, म्हणून ८, १६ आणि २४ वर्षांनी एमएसीपी मिळते. हुद्दा तोच राहतो, पण पगार वरच्या लेव्हलला जातो. यजमानांची पुढची एमएसीपी कधी आहे ते आताच डायरीत लिहून ठेवा.

एमएसपी म्हणजे मिलिटरी सर्व्हिस पे. सहाव्या आयोगानं ती पहिल्यांदा दिली, तेव्हा जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) २,००० आणि लेफ्टनंट ते ब्रिगेडियर ६,००० होती. सातव्यानं ती ५,२०० आणि १५,५०० केली. मेजर जनरल आणि त्यावरच्यांना ती नाही. चोवीस तास हुकमाखाली राहायचं, घरापासून लांब, गोळी खायची तयारी ठेवायची, तिशी-पस्तिशीत नोकरी संपवायची, ह्या सगळ्याची ही भरपाई. डीए आणि पेन्शन काढताना ती बेसिकमध्ये धरतात. इन्क्रिमेंट आणि एचआरएला धरत नाहीत.

आता डीए. बेसिक अधिक एमएसपी ३५,७००. त्याचे ५८ टक्के २०,७०६. बरोबर जुळतं.

एरियरचे ३,२१३ असे. डीए ५५ वरून ५८ झाला १ जुलैपासून, पण जाहीर झाला ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ३५,७०० चे ३ टक्के १,०७१. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने, म्हणजे ३,२१३. हे तुमचे हक्काचे मागचे पैसे आहेत.

फील्ड एरिया भत्ता जवानांना २०१७ साली ६,००० ठरला. डीए ५० टक्क्यांवर गेला की हे भत्ते पाव पटीनं वाढवायचे असा नियम. १ जानेवारी २०२४ ला तो ५० झाला, म्हणून ६,००० चे ७,५००.

उरला एचआरएचा शून्य. ती चूक आहे, आणि ती पे ऑफिसची नसावी. जेवून येतो आणि नीट लिहितो, कारण ह्याच एका गोष्टीत मी आयुष्य काढलं.

निवृत्त_हेडक्लर्क

पे ऑफिसला माणूस दिसत नाही, फक्त कागद दिसतो. त्या कागदाचं नाव पार्ट टू ऑर्डर. लग्न झालं, मूल झालं, क्वार्टर मिळालं, क्वार्टर सोडलं, रजेवर गेला, रजेवरून आला, बढती झाली, फील्डमध्ये पाऊल ठेवलं, ह्यातल्या प्रत्येक गोष्टीची युनिटमधून पार्ट टू ऑर्डर निघते आणि रेकॉर्ड ऑफिसला, पे ऑफिसला जाते. ती निघाली तरच तुमच्या खात्यात, म्हणजे आयआरएलएमध्ये, नोंद चढते. ऑर्डर निघाली नाही तर पे ऑफिसच्या लेखी ती गोष्ट घडलीच नाही. जवानांची पे ऑफिसं आपापल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या सेंटरला जोडलेली असतात. अधिकाऱ्यांचा सगळा पगार पुण्याहून निघतो, नौदलाचा मुंबईहून आणि हवाई दलाचा दिल्लीहून.

तुमचं काय झालं असेल ते सांगतो. फील्डमध्ये पोचल्याची ऑर्डर निघाली, म्हणून ७,५०० चालू झाले. क्वार्टर सोडल्याची निघाली नाही. पे ऑफिसच्या लेखी तुम्ही अजून क्वार्टरमध्येच आहात, आणि सरकारी क्वार्टर असलेल्याला एचआरए नसतो. जवान फील्डला असताना कुटुंब जिथं ठेवायचं ठरवलं ती जागा 'सिलेक्टेड प्लेस ऑफ रेसिडेन्स' म्हणून कळवायची असते. माण तालुका झेड वर्गात येतो, तिथं आता १० टक्के. ३०,५०० चे महिन्याला ३,०५०. मुंबई-पुणे एक्स वर्गात, तिथं ३० टक्के. नाशिक-नागपूर-कोल्हापूर वाय वर्गात, तिथं २०.

क्वार्टर सोडताना तुम्हाला ताबा परत दिल्याचा आणि काही बाकी नसल्याचा कागद मिळाला असेल. तो शोधा. यजमानांनी कंपनी क्लर्कला तो दाखवून पार्ट टू ऑर्डर काढायला सांगायचं आणि तिचा नंबर व तारीख घरी कळवायची.

ह्या कागदाला मी एवढं का धरून बसतो तेही सांगतो. एका युनिटात एक जवान गेला. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघालेली नव्हती. पोरगी एकवीस वर्षांची. ती पत्नी आहे हे सिद्ध करण्यात तिचे किती महिने गेले आणि तिला किती दारं वाजवावी लागली, ते मी जवळून पाहिलं. त्यानंतर माझ्या टेबलावर आलेला असा एकही कागद मी रात्रभर ठेवला नाही. माझं इथं वाचणाऱ्या प्रत्येक सैनिकाच्या बायकोला सांगणं आहे: लग्नाच्या आणि मुलांच्या पार्ट टू ऑर्डरचे नंबर तुमच्याकडे लिहिलेले हवेत.

माणदेशी_सून

सुभेदार साहेब, मनापासून आभार. एरियरचे ३,२१३ मी तीनदा मोजले, जुळले. कागद शोधते. लग्नाच्या ऑर्डरचा नंबर माझ्याकडे नाही, तोही मागवते.

सासूबाईंच्या प्रश्नाचं कुणी सांगेल का?

आकडेमोड

मी सांगतो, ताई. अर्थशास्त्र शिकवतो, वेतन आयोगांचे अहवाल वाचणं हा कामाचाच भाग आहे.

सगळ्या पगारांचा पाया म्हणजे किमान वेतन. ते डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांच्या सूत्रावर काढतात. हे गृहस्थ तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. माणसाला दिवसाला किती उष्मांक लागतात, त्यासाठी किती धान्य, डाळ, दूध लागतं, कापड किती लागतं, हा हिशेब. १९५७ च्या १५ व्या भारतीय कामगार परिषदेनं तो स्वीकारला. सातव्या आयोगानं माणशी रोज ४७५ ग्रॅम तांदूळ-गहू, ८० ग्रॅम डाळ, २०० मिलिलिटर दूध असं मांडत, वर्षाला कुटुंबाला ७२ वार कापड धरत, त्यात जळण-वीज, लग्नकार्य-सणवार, कौशल्य आणि घर यांची टक्केवारी मिळवत १८,००० रुपयांचा आकडा काढला. आधीचं किमान वेतन ७,००० होतं. १८,००० भागिले ७,०००, म्हणजे २.५७. हाच तो फिटमेंट फॅक्टर. ह्या २.५७ मधला मोठा भाग तोवर साठलेला १२५ टक्के डीएच होता, खरी वाढ १४.२९ टक्के. शिपायाचं आधीचं सुरुवातीचं वेतन ८,४६० होतं, त्याला २.५७ नं गुणा: २१,७४२. तक्त्यात ते २१,७०० झालं.

आता तुमच्या सासूबाईंचा प्रश्न. हा हिशेब तीन 'युनिटां'चा असतो. नवरा १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. बेरीज ३. आईवडील त्यात नाहीत. १९५७ साली नव्हते आणि २०१५ च्या अहवालातही नाहीत. कर्मचारी संघटनांनी आठव्या आयोगासाठी तीनऐवजी पाच युनिटं धरायची मागणी केली आहे, ती आईवडिलांसाठीच. मला ती शंभर टक्के योग्य वाटते. आईवडिलांना सांभाळणं हे आपल्याकडे कायद्यानंही मुलांचं कर्तव्य आहे. मग पगार काढताना त्यांची भाकरी मोजायला नको?

डीएचंही सांगून टाकतो. देशभरातल्या औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला निघतो. गेल्या बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, नव्या मालिकेला जुन्याशी जोडायला २.८८ नं गुणायचं, त्यातून २६१.४२ वजा करायचे, २६१.४२ नंच भागायचं आणि शंभरनं गुणायचं. जून २०२५ ला संपलेल्या वर्षाची सरासरी १४३.६ च्या आसपास होती. करून बघा, ५८ येतात, वरचा अपूर्णांक सोडून देतात. हा डीए कोविडमध्ये थांबला होता. जानेवारी २०२० ते जून २०२१ हे दीड वर्ष तो १७ टक्क्यांवर गोठवला. जुलै २०२१ पासून २८ झाला, पण मधल्या काळाची थकबाकी दिली नाही.

गोदाकाठचा_मास्तर

कुणाला दुखवायचं नाही, पण प्रामाणिकपणे लिहितो. ताईंनी दिलेले नेहमीचे आकडे मिळवले तर ६३,९०६ होतात. आमच्या गावात विनाअनुदानित शाळेत बी.एड. झालेला मुलगा ह्याच्या पाचव्या हिश्श्यात राबतो. शेतकऱ्याचं तर विचारूच नका. सैनिकाबद्दल आदर आहेच, पण पगार कमी आहे असं म्हणता येईल का?

माणदेशी_सून

सर, मी कमी आहे असं म्हटलेलं नाही. माझे वडील शेतकरी, चार वर्षं टँकरचं पाणी बघितलंय. ६३ हजारांची किंमत मला कळते.

पण त्यातले ७,५०० फील्डचे आहेत, ते पलटण खाली आली की थांबणार. पेन्शन बेसिक आणि एमएसपीवर निघणार, निम्मी. ह्यांची नोकरी संपेल तेव्हा मुलगी दहावीत असेल. मला कमी-जास्त बोलायचं नाहीये, मला फक्त समजून घ्यायचंय. ह्यांना तिथं थंडीत विचारायला वेळ नाही, मग मी विचारणारच.

गोदाकाठचा_मास्तर

ताई, मी चुकीच्या जागी विचारलं. माफ करा. विनाअनुदानित शिक्षकांवर वेगळा धागा काढतो.

मालवणी_खलाशी

नौदलात १५ वर्षं काढून आलो. फील्डवरनं आठवलं ते लिहितो.

सातव्या आयोगाच्या आधी धोक्याचे आणि कष्टाचे भत्ते सुटे सुटे होते, कुणाला काय मिळतं याचा ताळमेळ नव्हता. आयोगानं नऊ घरांची एक चौकट आखली. एका बाजूला धोका तीन पायऱ्यांचा, दुसऱ्या बाजूला खडतरपणा तीन पायऱ्यांचा. प्रत्येक भत्ता कुठल्यातरी घरात बसवला. आणि ह्या नऊ घरांच्याही वर एकच घर ठेवलं, सियाचीनचं. आधी तिथं जवानाला १४,००० आणि अधिकाऱ्याला २१,००० मिळायचे. आयोगानं २१,००० आणि ३१,५०० सुचवले, सरकारनं जुलै २०१७ पासून ३०,००० आणि ४२,५०० दिले. आयोगानं सुचवलं त्याहून सरकारनं जास्त दिलं अशा थोड्या गोष्टींतली ही एक, आणि ती योग्यच झाली.

आमचा सी गोइंग भत्ता त्याच वेळी ३,०००–७,८०० वरून ६,०००–१०,५०० झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पूर्वी बारा तासांची अट होती, ती चार तासांवर आली. आठ तास, दहा तास खवळलेल्या समुद्रात काढून बंदरात परत आलो तर पूर्वी तो दिवस मोजला जात नव्हता. बाहेरच्याला ही बारीक गोष्ट वाटेल. पावसाळ्यात लहान बोटीवर जो उलट्या करत उभा राहिलाय त्याला विचारा. असा नियम लिहिणाऱ्यानं एकदा तरी बोटीवर यायला हवं असं मला तेव्हाही वाटायचं.

पाणबुडी, मार्कोस (नौदलाचे कमांडो) आणि विमानवाल्यांचे भत्ते १०,५००–१५,७५० वरून १७,३००–२५,००० झाले. पाणबुडीत एक दिवसही न काढलेल्या माणसाला मी सांगू शकत नाही की हे पैसे कमी की जास्त.

खडकीची_लेक

ताईंनी विचारलंय, तिथं ह्यांच्या बाजूनं बोलतं कोण. मला ह्यावरच लिहायचंय, कारण बाबा मेजर म्हणून निवृत्त झाले आणि रँक पेच्या प्रकरणात आमचं घर वीस-बावीस वर्षं होतं.

चौथ्या आयोगानं १ जानेवारी १९८६ पासून कॅप्टन ते ब्रिगेडियर अशा हुद्द्यांना रँक पे दिला. कॅप्टनला २००, मेजरला ६००, ब्रिगेडियरला १,२००. तो बेसिकच्या वर द्यायचा होता. पण नवीन पगार बसवताना आधी तेवढीच रक्कम बेसिकमधून वजा केली आणि मग रँक पे म्हणून परत दिली. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढलं. बेसिक खाली आलं की डीए खाली, पेन्शन खाली, पुढच्या प्रत्येक आयोगातलं फिक्सेशन खाली. मेजर धनपालन ह्या एका अधिकाऱ्याच्या लक्षात ते आलं, ते केरळ उच्च न्यायालयात गेले आणि १९९८ मध्ये जिंकले. पण तो निकाल सगळ्यांना लागू व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१२ चा आदेश यावा लागला. १९८६ ते २०१२! बाबांच्या कोर्समधले कितीजण तोवर गेले होते. बाबांच्या हातात थकबाकी आली तेव्हा त्यांनी ती आईला दिली आणि म्हणाले, "रक्कम मोठी नाही, पण हिशेब बरोबर होता हे आता कागदावर आलं."

हे इतकी वर्षं का चाललं? मला वाटतं त्याचं कारण साधं आहे. केंद्राच्या मुलकी कर्मचाऱ्यांना संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे, तिथं त्यांचे प्रतिनिधी सरकारसमोर बसून बोलतात. सैनिकाला संघटना करता येत नाही. घटनेच्या कलम ३३ नं संसदेला तो हक्क मर्यादित करायचा अधिकार दिलाय, आणि शिस्तीसाठी ते हवंही. तिन्ही दलांची मुख्यालयं मिळून आयोगाला एक निवेदन देतात. पण निवेदन देणं वेगळं आणि टेबलापाशी खुर्ची असणं वेगळं. सातव्या आयोगात न्या. अशोककुमार माथूर अध्यक्ष होते, सदस्य सनदी अधिकारी आणि अर्थतज्ज्ञ. गणवेशातला एकही नाही. ज्याला संप करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, त्याच्यासाठी तिथं एक जागा राखून ठेवायला काय हरकत आहे? बाबा असते तर एवढंच लिहिलं असतं.

निवृत्त_हेडक्लर्क

ताई, तुमच्या वडिलांना माझा सलाम.

२०१६ आठवलं. मुलकी खात्यांचा नवा पगार त्या वर्षी सुरू झाला. सैन्यात मात्र तिन्ही दलप्रमुखांनी तफावती दाखवून आधी त्या सोडवा असं कळवलं, आणि दिवाळीच्या तोंडावर आम्हाला तात्पुरती १० टक्क्यांची उचल मिळाली. शेवटची अधिसूचना निघाली मे २०१७ मध्ये. त्यात लेफ्टनंट कर्नल, कर्नल आणि ब्रिगेडियर यांचा गुणक २.५७ वरून २.६७ झाला, आणि आमचा तक्ता २४ पायऱ्यांचा होता तो ४० चा झाला. पायऱ्या वाढल्यानं जास्त वर्षं नोकरी करणाऱ्या जेसीओंचं कुंठणं थांबलं. जवान त्या काळात रोज टेबलापाशी येऊन विचारायचे, "साहेब, आपलं कधी?"

टेम्सकाठचा_कऱ्हाडकर

इंग्लंडमध्ये राहतो, शेजारी ब्रिटिश लष्करातला सार्जंट आहे. इथं दहा वर्षं वाट बघत नाहीत. १९७१ पासून एक स्वतंत्र वेतन आढावा मंडळ आहे. ते दरवर्षी तळांवर जातं, सैनिकांशी आणि त्यांच्या बायकांशी बोलतं आणि सरकारला अहवाल देतं. आपल्या एमएसपीसारखाच इथं 'एक्स फॅक्टर' आहे, पण ती ठरावीक रक्कम नाही, पगाराच्या १४.५ टक्के आहे आणि दर पाच वर्षांनी तपासतात. अमेरिकेत वार्षिक वाढ खासगी क्षेत्रातल्या पगारवाढीच्या निर्देशांकाला बांधलेली आहे आणि घरभत्ता पिनकोडनुसार बदलतो. पैशांची तुलना करत नाही, देश वेगळे. पण दरवर्षी कुणीतरी येऊन विचारतं, हे मला घेण्यासारखं वाटतं.

शिरोळचा_थोरला

माझा धाकटा भाऊ अग्निवीर आहे, तिसरं वर्ष चालू. वरची सगळी चर्चा वाचली. त्यातलं त्याला काय लागू होतं ते लिहितो, कारण पुष्कळांना माहीत नसतं.

पहिल्या वर्षी ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. ह्यातले ३० टक्के सेवा निधीत कापतात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००, आता २५,५५०. कापलं तेवढंच सरकार घालतं, चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख मिळतात, करमुक्त. विमा ४८ लाखांचा. धोका-खडतर भत्ते, रेशन, कपड्यांचा भत्ता आहे. डीए नाही आणि एमएसपी नाही. पेन्शन नाही. चौथ्या वर्षानंतर २५ टक्क्यांपर्यंत कायम होणार.

त्याच पोस्टवर, त्याच बर्फात शेजारी उभा असलेल्या शिपायाला एमएसपी मिळते, माझ्या भावाला नाही. वर लिहिलंय की एमएसपी ही सैनिकी आयुष्याच्या कष्टांची भरपाई आहे. मग ते कष्ट त्याला नाहीत का? भाऊ स्वतः असं कधी बोलत नाही. तो खूश आहे, वर्दीवर जीव आहे त्याचा. हे मी बोलतोय, थोरला म्हणून.

आकडेमोड

दादा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तत्त्व म्हणून तुम्ही बरोबर आहात.

आठव्या आयोगाबद्दल अफवा फार आहेत म्हणून जे नक्की आहे तेवढं लिहितो. घोषणा जानेवारी २०२५, अधिसूचना ३ नोव्हेंबर २०२५. अध्यक्ष न्या. रंजना प्रकाश देसाई. सहाव्याचे अध्यक्ष न्या. बी. एन. श्रीकृष्ण होते, त्यांनीच एमएसपी आणली. दोघंही मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. सोबत एक अर्धवेळ सदस्य आणि एक सदस्य-सचिव. अहवालाला १८ महिने, म्हणजे २०२७ चा मध्य. संरक्षण दलं त्यांच्या कक्षेत आहेत. फिटमेंट फॅक्टर अमुकच असेल असे जे व्हिडिओ फिरतायत त्यांना आधार नाही. त्या भरवशावर कर्ज काढू नका.

माणदेशी_सून

सोळा दिवसांनी येतेय.

कागद सापडला. लोखंडी ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत होता. क्वार्टर सोडताना मीच तो घडी करून ठेवला होता. ह्यांना त्याची प्रत पाठवली, त्यांनी क्लर्कला दाखवली. क्लर्क नवीन आला होता, आधीचा बदलून गेला त्या गडबडीत राहिलं असं म्हणाला आणि दोन दिवसांत ऑर्डर काढली. लग्नाच्या आणि मुलीच्या जन्माच्या ऑर्डरचे नंबरही मिळाले. दोन्ही निघालेल्या आहेत. ते ऐकून मी पाच मिनिटं नुसती बसून होते.

सासूबाईंना तीन युनिटांचं सांगितलं. नवरा, बायको, दोन मुलं. त्या म्हणाल्या, "मग आमचं तो कशातनं भागवतो?" मी म्हटलं, त्याच्या एकात. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी ह्यांचा फोन आला तेव्हा नेहमी शुगरच्या गोळ्या संपल्या म्हणून सांगतात, ह्या वेळी सांगितलं नाही. मी नंतर सांगितलं.

निवृत्त_हेडक्लर्क

गोळ्यांसाठी पैसे का घालताय? सासू-सासऱ्यांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर ते यजमानांवर अवलंबून म्हणून लष्करी दवाखान्यात उपचार घेऊ शकतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढा, आणि त्याचीही पार्ट टू ऑर्डर निघते. ती काढून घ्या. डिपेंडंट कार्ड झालं की जवळचा लष्करी दवाखाना कुठला ते मी शोधून देतो.

एचआरए जुलै ते नोव्हेंबर पाच महिन्यांचा १५,२५० येईल आणि डिसेंबरचे ३,०५० वेगळे दिसतील. एकत्र १८,३०० दिसले तर गोंधळू नका. दोन महिन्यांत आले नाहीत तर ऑर्डरचा नंबर घेऊन पुन्हा इथं लिहा.

माणदेशी_सून

दाखल्यासाठी सोमवारी दहिवडीला जातेय. तिन्ही नंबर डायरीत लिहिले, आणि चौथ्यासाठी खाली एक ओळ सोडलीय.